घरातील नित्याची कामे आणि दोन वर्षांचे मूल

(पालकसंपर्कासाठी अभ्यासपाठ)

१. विषयप्रवेश

जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरतो, तेव्हा एकाच वयाच्या मुलांत शिक्षकाला फार मोठे अंतर दिसून येते. एक मूल आपण होऊन सांगते, "गुरुजी, आमची गाय व्याली." दुसऱ्याला नाव विचारले तरी ते मान खाली घालते. एकाला "पाटी ठेव आणि दार लाव" असे सांगितले, तर दोन्ही कामे ते क्रमाने करते. दुसरे पाटी हातात धरून उभेच राहते. यात स्वभावाचा भाग असतो. नव्या जागेचे भयही असते, आणि ते काही दिवसांत ओसरते. तथापि भय ओसरल्यावरही जे अंतर उरते, ते पुष्कळ अंशी शाळेच्या दारात येण्यापूर्वीच पडलेले असते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांपर्यंतचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला आहे. तीन वर्षे पूर्ण झालेले मूल अंगणवाडीत जाऊन बसते. परंतु एक ते तीन या वयातील मुलाचे काय? अंगणवाडीतून त्याला घरी न्यावयाचा आहार मिळतो व त्याचे वजन घेतले जाते. दिवसभराचा सहवास मात्र आईचा, वडिलांचा, आजीचा व भावंडांचा असतो. या वयाची शाळा म्हणजे घर, आणि त्या शाळेतील पाठ म्हणजे घरातील नित्याची कामे. या कामांतून मूल काय शिकते, ते त्याला आनंदाने कसे शिकू द्यावे व शिक्षकाने ही गोष्ट पालकांपर्यंत कशी पोहोचवावी, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

२. एक घर

एक शेतकऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. आई पहाटे उठून पाणी भरते, भाकरी थापते व नऊच्या सुमारास शेतावर जाते. वडील धार काढून दूध घालून येतात. आजी ओट्यावर बसून धान्य निवडते. मोठी मुलगी चौथीत आहे व धाकटे मूल दोन वर्षांचे आहे. शिक्षक पालकभेटीस जाऊन म्हणतात, "बाळाकडे लक्ष द्या, त्याला काही शिकवीत जा." यावर आईचे उत्तर ठरलेले असते, "गुरुजी, मला वेळ कुठं आहे?"

हे उत्तर प्रामाणिक आहे. त्या माउलीला निवांतपणाचा अर्धा तासही मिळत नाही. "शिकवा" हा शब्द ऐकताच तिच्या डोळ्यांपुढे पाटी, पुस्तक व विकतची खेळणी येतात. ती आणण्यास पैसा नाही आणि बसवून शिकवण्यास सवड नाही, म्हणून आपल्या हातून बाळाचे काही होत नाही अशी रुखरुख मात्र तिच्या मनाला लागते. अशा वेळी शिक्षकाने वेगळा वेळ मागू नये. जे काम ती करीतच आहे, त्यात बाळाला जागा कोठे देता येईल, एवढेच तिला दाखवावे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व अनुताई वाघ त्या कार्यात सामील झाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. विकतची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती, म्हणून या दोघींनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून शिक्षणसाधने उभी केली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आज सर्वांच्या तोंडी असलेला अंगणवाडी हा शब्द त्याच प्रयत्नातून आला. अंगणापर्यंत त्या पोहोचल्या. तेथून उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत जाणे हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होय.

३. या वयातील मुलाची ओळख

सर्व मुले एकाच दिवशी चालू लागत नाहीत व बोलू लागत नाहीत. तरी स्थूलमानाने क्रम असा दिसतो : वर्षाच्या सुमारास मूल आधाराने उभे राहते, पावले टाकू लागते व एखादा अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दोन वर्षांच्या सुमारास ते दोन शब्द जोडते. "बाबा गेले", "पाणी दे". तीन वर्षांचे मूल लहान वाक्ये बोलते आणि परक्यालाही त्याचे बरेचसे बोलणे कळते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, समज बोलण्याच्या पुढे चालते. ज्या मुलाला "तांब्या" म्हणता येत नाही, ते "तांब्या आण" म्हटल्यावर तांब्या घेऊन येते. म्हणून मूल बोलत नाही, सबब त्याच्याशी बोलून काय उपयोग, हा समज सोडून द्यावा. दुसरी गोष्ट अशी की, या वयाच्या मुलास पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही. डब्याचे झाकण ते वीस वेळा उघडील आणि वीस वेळा लावील. मोठ्यांना हा चाळा वाटतो. मुलाच्या दृष्टीने तो अभ्यासच असतो.

४. दिवसाच्या क्रमाने काही उद्योग

(अ) अंघोळ व कपडे. अंगाला पाणी लागते तेव्हा मुलाचे लक्ष आपल्या शरीराकडे असते. हात धुताना "हा हात", पाय धुताना "हा पाय", आणि मग "आता नाक कुठं आहे?" असे विचारावे. दोन-चार दिवसांत मूल स्वतःच पाय पुढे करते. बादलीत प्लॅस्टिकचा पेला तरंगतो आणि स्टीलचा चमचा बुडतो, हे त्याला पाहू द्यावे. तरंगणे व बुडणे यांचा पहिला अनुभव त्याला येथेच मिळतो. कपडे घालताना दोन सदरे पुढे धरून "हा का तो?" असे विचारावे. निवड करण्याची संधी मिळालेले मूल हट्टही कमी करते.

(आ) चुलीपाशी. चुलीपासून सुरक्षित अंतरावर मुलाला बसवावे व पिठाचा लिंबाएवढा गोळा हातात द्यावा. आई परातीत भाकरी थापते, मूल आपल्या गोळ्यावर थापटते. त्या थापटण्याने बोटांना व तळव्याला बळ येते, आणि पुढे हीच बोटे लेखणी धरणार असतात. त्याच्या वाकड्या चानकीला हसू नये. ती तव्याच्या कडेला भाजून त्यालाच खावयास द्यावी. आपण केलेली वस्तू घरात चालते, हा विश्वास मुलाच्या मनात तेथे रुजतो.

(इ) निवडणे व लावणे. आजी धान्य निवडते त्या वेळी मूल सुपात हात घालते. बारीक दाणे या वयात नाकातोंडात जाण्याचे भय असल्याने त्याला ते देऊ नयेत. त्याऐवजी कांदे व बटाटे एकत्र करून दोन टोपल्या पुढे ठेवाव्यात. "कांदा इकडं, बटाटा तिकडं" असे आजीने दोनदा करून दाखवावे. मूल चुकेल, चुकू द्यावे. सारखे व वेगळे ओळखून वस्तूंचे गट करणे हा गणिताचा पाया होय. मोठे-लहान डबे व त्यांची झाकणे एकत्र ठेवून जोड्या लावू देणे, वाटीत वाटी बसविणे, हेही त्याच जातीचे उद्योग आहेत. यातून आकार व आकारमान यांची जाणीव होते.

(ई) धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. हा उद्योग भाषेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. एकेक कपडा उचलून "हा कोणाचा?" असे विचारावे व आपणच उत्तर द्यावे : "बाबांचा सदरा, ताईची ओढणी, आजीचं लुगडं." चा, ची, चे यांतील भेद मराठी मूल कोणत्याही पुस्तकातून शिकत नाही, कानावर पडलेल्या शेकडो वाक्यांतून ते तो नियम स्वतः उचलते. "ताईचा ओढणी" असे त्याने म्हटले, तर टोकू नये. "हो, ही ताईची ओढणी" असे सहज म्हणावे. शुद्ध रूप कानावर पडते आणि मुलाचा उत्साहही मोडत नाही.

(उ) अंगणात. लहानशी केरसुणी देऊन अंगणाचा एक कोपरा त्याचा ठरवावा. तुळशीला घालण्यासाठी छोट्या तांब्यात अर्धे पाणी द्यावे. पाणी न सांडता चालण्यात त्याच्या हातापायांचा व डोळ्यांचा मेळ बसतो. ओट्याची पायरी चढणे-उतरणे, कोंबडीच्या मागे धावणे, आपल्या सावलीवर पाय ठेवू पाहणे, खांबाआड लपून "कुक्" करणे, या सर्वांनी शरीर घडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलास दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल हवी. खेड्यातील अंगणात ती सहज घडते, मात्र मुलाला कडेवर किंवा झोळीत अडकवून ठेवता कामा नये. ओल्या मातीत बोटाने रेघा ओढणे, ओट्यावर खडूने गिरगटणे, हा लेखनाचा आरंभ समजावा. त्या गिरगटण्यात अक्षरे शोधू नयेत.

(ऊ) वाटेवर व बाजारात. शेताच्या वाटेने जाताना मूल ज्याकडे पाहील, त्याचे नाव घ्यावे. त्याने बोट दाखवून "हम्मा" म्हटले, तर "हो, हम्मा. काळी हम्मा. हम्मा गवत खाते" असे म्हणावे. मुलाने एक शब्द दिला, मोठ्याने त्याला दोन-चार शब्द जोडून परत केला. भाषा वाढते ती या देवघेवीने. येथे एक पथ्य आहे. प्रश्न विचारल्यावर किंवा शब्द बोलल्यावर क्षणभर थांबावे. मुलाला उत्तर जुळविण्यास वेळ लागतो. मोठी माणसे घाई करून त्याचे उत्तर आपणच देतात आणि मूल गप्प राहण्यास शिकते.

(ए) संध्याकाळ. दिवेलागणीनंतर आजीच्या मांडीवर बडबडगीत, चिऊकाऊची गोष्ट व अंगाईगीत ही आपल्या घराची जुनी ठेव आहे. तीच गोष्ट रोज सांगितली तरी चालते. चौथ्या दिवशी एखादा शब्द आजीने मुद्दाम गाळला, तर मूल तो भरते. यानेच स्मरणशक्ती व लक्ष देऊन ऐकण्याची सवय तयार होते. या वेळेत वडिलांचा वाटाही असावा. मुलाला खांद्यावर घेऊन चांदणे दाखविणे हे काही केवळ बायकांचे काम नव्हे.

५. मोबाइलविषयी

रडणाऱ्या मुलाच्या हाती मोबाइल देण्याची रीत आता खेडोपाडी पोहोचली आहे. त्याबद्दल आईला दोष देण्यापूर्वी तिची अडचण समजून घ्यावी. हाताला काम असते, मूल रडत असते आणि मोबाइलने ते गप्प बसते. परंतु "गप्प बसते" यातच धोका आहे. चित्र पाहणारे मूल ऐकते, पण त्याच्या बोलण्याला मोबाइल उत्तर देत नाही, त्याची नजर कोठे आहे हे पाहत नाही आणि त्याच्यासाठी थांबत नाही. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शनात एक वर्षाच्या मुलास पडद्यापुढे बसवू नये व दोन वर्षांच्या मुलास दिवसातून एक तासाहून अधिक काळ बसवू नये, त्याहूनही कमी बरे, असे म्हटले आहे. "मोबाइल देऊ नका" एवढेच सांगून शिक्षकाने थांबू नये. त्याऐवजी त्या वेळी हाती काय द्यावे, हे सांगावे : झाकणांचे डबे, पिठाचा गोळा, कांदे-बटाट्यांची टोपली.

६. सावधगिरी

आनंद व सुरक्षितता यांची फारकत होऊ देऊ नये. पुढील गोष्टी प्रत्येक पालकसभेत सांगाव्यात.

(१) शेंगदाणे, फुटाणे, वाटाणे, चिंचोके, मणी, नाणी व घड्याळातील बटणासारखे सेल मुलाच्या हाती लागू देऊ नयेत. ते घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. गुंजेचे बी दिसावयास सुंदर, पण विषारी असते.
(२) बादलीभर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. पाण्याच्या खेळात मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे. खेळ संपताच बादली रिकामी करावी. विहीर व शेततळे यांना कुंपण असावे.
(३) रॉकेल, फिनेल व फवारणीची औषधे पाण्याच्या बाटलीत कदापि भरू नयेत. ती उंचावर व कुलपात ठेवावीत.
(४) चुलीवरच्या भांड्याचा दांडा आतील बाजूस वळवावा. गरम भांडे जमिनीवर वाटेत ठेवू नये.

मूल हाकेला ओ देत नाही, आवाजाकडे वळत नाही, दोन वर्षांचे होऊनही शब्द जोडत नाही, किंवा शिकलेले शब्द गमावते, असे दिसल्यास "बोलेल हळूहळू" म्हणून वाट पाहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील पथक अंगणवाडीतील बालकांची तपासणी करते. त्या दिवशी मूल उपस्थित राहील असे पाहावे.

७. चौथीतील मुलीचा प्रश्न

वर ज्या घराचे चित्र पाहिले, त्यातील आई शेतावर गेल्यावर दोन वर्षांच्या मुलाला कोण सांभाळते? आजी आजारी पडली की ते काम चौथीतील मुलीकडे येते आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. बाळाच्या शिक्षणाचा विचार करताना या मुलीचे शिक्षण बळी पडत नाही ना, हे शिक्षकाने प्रथम पाहिले पाहिजे. बालशिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीचे शाळेत असणे हा तिचा हक्क आहे. "ताईनं बाळाला शिकवावं" असा सल्ला देऊन तिच्या घरी राहण्याला नवे कारण पुरवू नये. संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिने बाळाला गोष्ट सांगावी, खडूने रेघा ओढू द्याव्यात. यात दोघांचाही लाभ आहे. दिवसा मुलाला कोण सांभाळील, याचा उपाय शेजार, नातलग, अंगणवाडी सेविका व शाळा व्यवस्थापन समिती यांनी मिळून काढावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलीवर विहिरीजवळ वा चुलीजवळ लहान मुलाची जबाबदारी टाकणे दोघांनाही घातक आहे.

ऊसतोडणीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांचे घर काही महिने फडाजवळच्या कोपीत असते. तेथे अंगण नसते, भिंत नसते, आजीही बहुधा गावी राहते. तरी अंघोळ, भाकरी, कपडे व रात्रीची गोष्ट तेथेही असते. या पाठातील उद्योगांना विकत घ्यावयाच्या एकाही वस्तूची गरज नाही, ती याचसाठी. मात्र तेथे वाहने, उघडी चूल व उसाची धारदार पाती यांचे भय अधिक असते. जाण्यापूर्वी अशा कुटुंबांची भेट घेऊन एक-दोन गोष्टी सांगून ठेवाव्यात.

८. शिक्षकाने करावयाचे काम

(१) पालकांकडे उपदेशक म्हणून जाऊ नये. घरात मुलाशी जे चांगले चालले आहे, ते प्रथम पाहावे व त्याचे नाव घेऊन कौतुक करावे. "आजी, तुम्ही बाळाला गोष्ट सांगता, त्यानं त्याची भाषा वाढते," एवढ्या वाक्याने आजीचा उत्साह दुणावतो.
(२) एका भेटीत एकच उद्योग सांगावा व शक्य तर करून दाखवावा. पुढील भेटीत त्याचे काय झाले ते विचारावे.
(३) घरची बोली हीच मुलाची पहिली भाषा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली, कोरकू, गोंडी किंवा अन्य कोणतीही बोली असो, पालकांनी मुलाशी तिच्यातच मोकळेपणाने बोलावे. पुस्तकी मराठीचा आग्रह धरल्यास आई अडखळते व बोलणेच कमी करते. बोलीत समृद्ध झालेले मूल शाळेची भाषा लवकर आत्मसात करते.
(४) दोन-अडीच वर्षांच्या मुलास मुळाक्षरे व अंक पाठ करविण्याच्या हौसेला उत्तेजन देऊ नये. पाहुण्यांपुढे आकडे म्हणणाऱ्या मुलास पाच कांदे मोजून देता येतातच असे नाही.
(५) अंगणवाडी सेविकेशी विचारविनिमय करून पालकांची सभा शक्यतो एकत्र घ्यावी व तीत वडिलांना आवर्जून बोलवावे.

९. समारोप

जे मूल आज पिठाचा गोळा थापटते आहे, ते तीन-चार वर्षांनी शिक्षकापुढे पहिलीत येऊन बसणार आहे. त्या वेळी ते मान वर करून बोलेल की खाली घालील, हे आजच्या त्याच्या घरातील बोलण्यावर पुष्कळ अवलंबून आहे. त्या आईजवळ वेळ नाही हे खरे. पण भाकरी थापताना तिचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळे असते. तेवढे एक तिला पटवून देता आले, तरी पालकभेट सार्थकी लागली असे समजावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेच्या परिसरातील एका घराचा दिवसक्रम लिहा व त्यातील कोणत्या तीन कामांत दोन वर्षांच्या मुलाला सहभागी करता येईल ते सांगा.
२. आपल्या भागातील बोलीत लहान मुलांशी बोलताना वापरले जाणारे वीस शब्द व नातेवाचक संबोधने संकलित करा.
३. धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी गैरहजर राहणारे किती विद्यार्थी आपल्या वर्गात आहेत? प्रत्येकाच्या घरची अडचण कोणती व त्यावर कोणता उपाय शक्य आहे?
४. "बाळ अजून बोलत नाही, मग त्याच्याशी काय बोलायचं?" असे म्हणणाऱ्या पालकास आपण कोणत्या शब्दांत उत्तर द्याल?